ती शिष्यवृत्ती नव्हे, नोकरी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे उजाडला की जिल्ह्याच्या पानांवर एक बातमी हमखास दिसते : अमुक गावच्या मुलाला अमेरिकेत पीएच.डी.साठी दोन कोटींची शिष्यवृत्ती. शेजारी पेढा भरवतानाचा फोटो. मुलाचे कौतुक व्हायलाच हवे, पण बातमीतला ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द बऱ्याचदा चुकीचा असतो. त्याच्या हातात आलेली असते टीएशिप, म्हणजे शिक्षण साहाय्यकाची नोकरी. आठवड्याला २० तास तिथल्या पदवीच्या पोरांना शिकवायचे, त्यांच्या वह्या-पेपर तपासायचे, प्रयोगशाळेत उभे राहायचे. बदल्यात फी माफ आणि महिन्याला स्टायपेंड. या नोकरीसाठी अनेक विभाग मुलाखत घेतात आणि तिची तयारी आपल्याकडे कोणीच करून घेत नाही. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे क्लास गल्लोगल्ली आहेत, एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे निवेदन, ‘पॉलिश’ करून देणारे आहेत, व्हिसाच्या मुलाखतीची रंगीत तालीम घेणारेही आहेत. मधला हा टप्पा मात्र वाऱ्यावर. तेव्हा पुढच्या हंगामात अर्ज करणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात लिहितो.

आधी त्या दोन कोटींचा हिशेब. समजा, फी वर्षाला ३०,००० डॉलर आणि स्टायपेंड नऊ महिने दरमहा २,००० डॉलर. पाच वर्षांची फी दीड लाख डॉलर, स्टायपेंड ९०,००० डॉलर. ८५ रुपयांच्या भावाने बेरीज दोन कोटी चार लाख. यातली फी मुलाच्या हाताला लागतच नाही, ती विद्यापीठाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. हाती येतात ते पाच वर्षांचे साडेशहात्तर लाख, आणि त्यातून घरभाडे, किराणा, कर वजा जातो. आकडे नमुन्याचे आहेत, पण ठोकताळा असाच असतो.

म्हणून ऑफर लेटर हातात आल्यावर सगळ्यात आधी पाच गोष्टी शोधाव्यात. नेमणूक किती टक्के : ५० टक्के म्हणजे आठवड्याला २० तास, २५ टक्के म्हणजे १०. किती महिने : ९ की १२, नऊ असतील तर उन्हाळ्याचे तीन महिने कशावर काढायचे, हे विभागाला आत्ताच विचारावे. फी माफ म्हणजे फक्त ‘ट्युशन’ माफ, की सेमिस्टरचे इतर शुल्क आणि आरोग्य विमाही? हे शुल्क दर सेमिस्टरला काही शे डॉलर, काही ठिकाणी हजाराच्या वर जाते आणि अनेक मुलांना ते पहिल्या बिलातच कळते. नेमणूक किती वर्षांची, आणि ‘समाधानकारक प्रगती’ असा शब्द असेल तर तिचे निकष काय. पाचवी गोष्ट म्हणजे नेमणूक बोलण्याच्या इंग्रजीच्या चाचणीवर अवलंबून आहे का. हे पाचवे कलम पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि तेच सर्वांत जास्त नडते.

घाईने ‘हो’ कळवू नये. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठे आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलच्या आधी तुमचे उत्तर सक्तीने मागू शकत नाहीत. मदतीविना नुसता ॲडमिट, म्हणजे प्रवेश, असेल, तर हे संरक्षण लागू होत नाही. एम.एस.वाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : टीएशिप मुख्यतः पीएच.डी.च्या मुलांसाठी असतात. एम.एस.ला बहुतेकांच्या वाट्याला तासावर पैसे देणारे ‘ग्रेडर’चे, म्हणजे पेपर तपासनिसाचे, काम येते आणि त्यात फी सहसा माफ होत नाही. ‘तिथे गेलो की टीए मिळवू’ या भरवशावर कर्जाचा आकडा कमी धरणे म्हणजे बाजारात तुरी.

आता मुलाखत. ती तीन वेळांपैकी कधीही होऊ शकते : ऑफर देण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये झूमवर, ॲडमिट आल्यावर कोणता विषय द्यायचा हे ठरवण्यासाठी, किंवा ऑगस्टमध्ये तिथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात. मार्चमधल्या झूमला एक खड्डा आहे. अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात. त्याआधी न्यूयॉर्कच्या सकाळी १० ला आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, त्यानंतर साडेसात. शिकागोकडच्या वेळेला यात एक तास मिळवायचा. आमंत्रण आल्या दिवशी वेळ वहीत टिपून ठेवणारा आणि तारीख त्या रविवारच्या पलीकडे आहे हे न पाहणारा उमेदवार बरोबर एक तास उशिरा हजर होतो.

मुलाखतीचा पहिला भाग गप्पांचा. कोणते विषय शिकवू शकाल, आधी कोणाला शिकवले आहे का. इथे आपली मुले ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. ज्युनियरला ओरलच्या आदल्या रात्री डेटा स्ट्रक्चर्स समजावले, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये चौघांची जोडणी तपासून दिली, गणेशोत्सवाच्या मंडळात दहावीच्या पोरांची गणिते घेतली, हे सगळे शिकवणेच आहे. ते तपशिलाने सांगावे : किती मुले, किती आठवडे, कशावर अडायची, तुम्ही काय बदलून पाहिले.

दुसरा भाग म्हणजे पाच ते दहा मिनिटांचा नमुना पाठ. निकाल इथे लागतो. समोर दोन-तीन प्राध्यापक असतात. काही ठिकाणी पदवीचे विद्यार्थीही बसवतात आणि त्यांना मुद्दाम भाबडे प्रश्न विचारायला सांगतात. आपल्याकडचा हुशार मुलगा इथे स्वतःचे ज्ञान दाखवायला जातो, कारण आयुष्यभर ओरलमध्ये त्याने तेच केले आहे. पण समोरच्यांना तुम्हाला कलन येते का, हे तपासायचेच नाही. ते तुमच्या अर्जावरून त्यांना ठाऊक आहे. एकोणीस वर्षांचे, गणिताची धास्ती घेतलेले पोर तुमच्याकडून काही घेऊन उठेल का, एवढेच ते पाहतात.

उदाहरण घेऊ. विषय : डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय. आपला उमेदवार फळ्यावर लिमिटची व्याख्या लिहितो, एच शून्याकडे जातो असे म्हणतो, एक्सचा एन घात घेऊन बायनॉमियलने विस्तार करतो, आणि आठव्या मिनिटाला सूत्र चौकटीत बसवतो. सगळे बरोबर, आणि पाठ फसलेला. त्याऐवजी एक्स वर्गाचा आलेख काढावा आणि एकच बिंदू पकडावा, एक्स बरोबर ३. प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहावा : या बिंदूपाशी वक्राचा चढ किती? मग शेजारचा बिंदू ३.१. उंची ९ वरून ९.६१ झाली, म्हणजे ०.६१ ला ०.१ ने भागून चढ ६.१. आणखी जवळ या, ३.०१ : चढ ६.०१. आता दुसऱ्या बाजूने, २.९ : चढ ५.९. तीन आकडे एकाखाली एक लिहायचे आणि थांबायचे. ‘हे चढ कोणत्या आकड्याकडे चाललेत असे वाटते?’ हा प्रश्न विचारून मनातल्या मनात पाच मोजायचे. ही पाच सेकंदे उमेदवाराला युगासारखी वाटतात, म्हणून तो दुसऱ्याच सेकंदाला स्वतः उत्तर देऊन टाकतो. तसे करू नये. ‘६’ हे उत्तर समोरून आले पाहिजे. व्याख्या त्यानंतर, शेवटच्या दोन मिनिटांत, याच आकड्यांना नाव देण्यापुरती.

मग कोणीतरी विचारेलच : ‘थेट एच (दोन बिंदूंतले आडवे अंतर) बरोबर शून्यच का नाही घालायचे?’ यावर ‘व्याख्याच तशी आहे’ म्हणालात की गुण गेले. शून्य घालून दाखवा : वर ९ वजा ९, खाली ३ वजा ३, शून्य भागिले शून्य. दोन बिंदूंऐवजी एकच उरला आणि एका बिंदूतून रेषा वाटेल तशी जाते, हे फळ्यावर पट्टी फिरवून दाखवता येते. आणि हो, आधी प्रश्नाचे कौतुक करून मोकळे न होता तो आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. प्रश्न नीट कळला का, हे दोघांनाही कळते आणि विचार करायला चार सेकंद मिळतात.

पाठाची घडण वेळेत बसवताना आठ मिनिटांसाठी पाच मिनिटांचाच मजकूर ठेवावा. उरलेली तीन प्रश्नांत जातात. तालीम मनात करून उपयोग नाही. उभे राहून, मोठ्याने, खडू हातात घेऊन, मोबाइलवर रेकॉर्ड करून निदान पाच वेळा करावी, आणि त्यातली एक तालीम गणित न आवडणाऱ्या माणसासमोर : मामी, धाकटा भाऊ, कोणीही. रेकॉर्डिंग पाहताना मोजायचे ते एवढेच : किती वेळ तुमची पाठ कॅमेऱ्याकडे होती, आणि लिहिताना बोलणे चालू होते का. फळ्याशी बोलणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक दोष आहे. आपण ज्यांच्याकडून शिकलो तेही फळ्याशीच बोलत.

झूमवर पाठ घ्यायचा असेल तर टेबलावर कोरे कागद, जाड काळे मार्कर आणि पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवलेला दुसरा मोबाइल, कॅमेरा खाली. हे कुठल्याही महागड्या टॅब्लेटइतके चालते. भिंतीवर पांढरा बोर्ड लावत असाल तर दिवा समोरून न येता बाजूने यावा, नाहीतर मधोमध चकाकीचा गोळा दिसतो. स्वतःच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसली तर घाबरू नये, झूम तुमची प्रतिमा फक्त तुम्हाला आरशासारखी दाखवते, समोरच्यांना सरळच दिसते. वीज आणि वायफायचा भरवसा नसेल तर फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून तपासावा. पाठाचे कागद विभागाला ई-मेलने आधी पाठवून ठेवले तर कॅमेरा बंद पडला तरी पाठ थांबत नाही.

इंग्रजीविषयी एक भ्रम काढून टाकायला हवा. अमेरिकी उच्चार कमवायची गरज नाही, आणि दोन महिन्यांत ते कमावताही येत नाहीत. ओढूनताणून आणलेला सूर पहिल्या अवघड प्रश्नाला गळून पडतो. अडचण वेगळीच आहे. आपल्या शाळेतले गणिती इंग्रजी तिथे वेगळ्या अर्थाने ऐकले जाते. आपण ‘थ्री इन्टू ट्वेल्व्ह’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात ३६ असतात. अमेरिकी विद्यार्थ्याला ऐकू येतो भागाकार, बारामध्ये तीन किती वेळा, उत्तर ४. म्हणून ‘टाइम्स’ म्हणावे. ‘वन बाय टू’ नको, ‘वन हाफ’ किंवा ‘वन ओव्हर टू’. ‘बाय’ ऐकले की तिथल्या पोराला लांबी-रुंदी आठवते. ‘एफ डॅश’ला तिथे ‘एफ प्राइम’, ‘झेड’ला ‘झी’, ‘ब्रॅकेट’ला ‘परेन्थेसिस’, मार्कांना ‘पॉइंट्स’, पेपर तपासण्याला ‘ग्रेडिंग’. आणि ‘एनी डाउट्स?’ कधीच विचारू नये : डाउट म्हणजे तिथे अविश्वास. ‘व्हॉट क्वेश्चन्स डू यू हॅव?’ असे विचारले की प्रश्न असणारच हे गृहीत धरले जाते आणि मुले बोलतात. लाख-कोटी तोंडातून निसटतात, तिकडे लक्ष असू द्यावे.

उच्चारांत खरे काम शब्दावरच्या आघाताचे. मराठीत सगळी अक्षरे साधारण सारख्या वजनाने पडतात, म्हणून आपले इंग्रजी त्यांना टाइपरायटरसारखे सलग ऐकू येते. ‘डेव्हलप’, ‘कंपोनंट’, ‘पॅरामीटर’, ‘डिटर्मिनंट’ या चारही शब्दांत आघात दुसऱ्या अवयवावर हवा. आपण तो पहिल्यावर टाकतो. आपल्या विषयातले असे तीसेक शब्द काढावेत, शब्दकोशाच्या ॲपवर ऐकावेत आणि आघाताखाली रेघ मारून पाठ करावेत. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू, आपला एकच ‘व’ दोन्हीकडे चालत नाही, व्होल्टेज आणि वेव्ह एकाच वाक्यात आले की गोंधळ होतो. बाकी वेग कमी केला आणि महत्त्वाचा शब्द बोलता बोलता फळ्यावर लिहिला की निम्म्या चुका झाकल्या जातात. स्वतःचे नावही लिहावे. नावात ‘ज्ञ’ असलेल्यांनी तर कसे हाक मारायची तेही सांगून टाकावे. तिथले विद्यार्थी तुम्हाला सर-मॅडम म्हणणार नाहीत, नावानेच बोलावतील.

अनेक विद्यापीठे बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी चाचणीच घेतात. पर्ड्यूमध्ये ओईपीटी, आयोवा स्टेटमध्ये ओईसीटी, यूसीएलएमध्ये टॉप, पेन स्टेटमध्ये तर भलेमोठे लांब नाव. काही राज्यांत तर शिकवणाऱ्याचे इंग्रजी तपासण्याचा कायदाच आहे. पेनसिल्व्हेनियाचा १९९० चा. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात, जुन्या ३० च्या मोजपट्टीवर, २६-२७ च्या वर असाल तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण हा आकडा विद्यापीठागणिक बदलतो. म्हणजे एकूण टोफेल ११० असून बोलण्यात २२ असलेला मुलगा अडकू शकतो. चाचणीत कमी पडलात म्हणजे घरी पाठवत नाहीत. सहसा एक सेमिस्टरचा इंग्रजीचा वर्ग लावतात आणि तोवर फक्त तपासणीचे काम देतात. पण हे विभागाच्या मर्जीवर असते, म्हणून पत्रातले ते बारीक अक्षर आधी वाचावे.

मुलाखतीचा तिसरा भाग प्रसंगांचा : ‘एखादा विद्यार्थी पेपर घेऊन आला आणि म्हणाला, माझे तीन पॉइंट्स का कापले, तर?’ जागच्या जागी वाढवून देणे आणि जागच्या जागी हाकलणे, दोन्ही उत्तरे वाईट. तक्रार लिहून मागायची, गुणदानाचा तक्ता पाहून पूर्ण प्रश्न पुन्हा तपासायचा आणि शंका असेल तर प्राध्यापकाला दाखवायचे. एकाला वाढवले तर तीच चूक केलेल्या चाळिसांनाही वाढवावे लागतात, हे वाक्य उत्तरात आले की समितीच्या माना हलतात. दोन गृहपाठ हुबेहूब सारखे आले तर? आरोप करायचा नाही, शिक्षाही आपण ठरवायची नाही. दोन्ही प्रती ठेवून प्राध्यापकाला कळवायचे. आईवडिलांचा फोन आला, मुलाचे मार्क सांगा, तर? आपल्याकडे पालकांना सांगणे हे कर्तव्य समजतात. तिथे फेर्पा या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याच्या संमतीविना सहसा सांगता येत नाही, आणि वर्गात गुणांची यादी नावानिशी लावणे तर अजिबात नाही. उत्तर येत नसेल तर? ‘पुढच्या तासाच्या आधी पाहून सांगतो’ म्हणायचे आणि खरोखर सांगायचे. प्रयोगशाळेच्या टीएशिपला सुरक्षेचा प्रश्न ठरलेला : गॉगल कपाळावर चढवलेला विद्यार्थी दिसला तर काम थांबवायचे, मग बोलायचे. तोंडाने पिपेट ओढण्याची आपल्याकडची जुनी सवय तिथे चुकूनही बोलून दाखवू नये.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ यावर ‘नो, थँक यू’ म्हणणे ही हातची संधी घालवणे. एका तुकडीत किती विद्यार्थी, आठवड्याला किती तुकड्या, ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांनी शंका घेऊन येण्याची ठरलेली वेळ) किती, तपासणीला सॉफ्टवेअर आहे की कागद, ऑगस्टमध्ये प्रशिक्षण किती दिवसांचे, हे विचारावे. त्यातून २० तासांचा हिशेब मांडता येतो : तीन तुकड्यांचे तीन तास, मूळ व्याख्यानाला बसणे तीन, तयारी चार, ऑफिस अवर्स दोन, तपासणी सहा, बैठक एक, ई-मेल एक. परीक्षेच्या आठवड्यात तपासणी दुप्पट होते, हे धरून चालावे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठ चालू असताना कॅम्पसमधल्या कामाची कमाल मर्यादाच आठवड्याला २० तास आहे. ५० टक्क्यांची टीएशिप घेतली की कॅफेटेरियात जोडकाम करू, हा बेत तिथेच संपतो.

पैशांचे दोन शब्द. टीएशिपची रक्कम आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या कागदावर) ‘विद्यापीठाचा निधी’ म्हणून छापून घ्यावी. तेवढी बँकेतली शिल्लक कमी दाखवावी लागते आणि व्हिसा खिडकीवर खर्च कोण करणार याचे उत्तर कागदावरच असते. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (नोकरी करणाऱ्याला मिळणारा सरकारी क्रमांक) नोकरीचे पत्र आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे पत्र, दोन्ही लागतात. पोहोचल्यावर दहाएक दिवस थांबून अर्ज केला तर इमिग्रेशनच्या नोंदी जुळतात. पगारपत्रकात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी करांचे मिळून ७.६५ टक्के कापलेले दिसले तर लगेच पगार कार्यालयात जावे, कारण एफ-वनवरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षे ही कपात सहसा लागू नसते. आणि काम ऑगस्टच्या मध्यापासून सुरू झाले तरी पहिला पगार अनेक ठिकाणी सप्टेंबरच्या अखेरीस हाती पडतो. घराची अनामत, पहिले भाडे, गादी, भांडी आणि सेमिस्टरचे न माफ झालेले शुल्क, एवढे सगळे त्याआधीच द्यायचे असते. तेव्हा सहा आठवड्यांचे पैसे इथूनच घेऊन निघावे.

आपला,
एक वाचक, पुणे